समांतर विश्वातून आलेली आपत्ती: तपासकथा लिहिणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

एका रात्रीत टेकडीचा अर्धा भाग नाहीसा होतो. तलावाकाठचे गाव सकाळी उठतच नाही. तपासपथक पोहोचते, मोजमाप सुरू होते आणि हळूहळू कळते की कारण या जगातले नाही. अशा कथा लिहिणारे आणि भूमिका-खेळांचे प्रसंग रचणारे जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. समांतर विश्व असल्याचा कोणताही पुरावा आजवर मिळालेला नाही, त्यामुळे ते कथेतले गृहीतक आहे. बाकीचे आकडे, उपकरणे आणि घटना खऱ्या आहेत. त्या खऱ्या ठेवल्या तरच ते एक गृहीतक वाचकाला पटते.

सुरुवात कुठून करावी? "समांतर विश्व" म्हणजे नक्की कोणते?

हे कथेचे पहिले वाक्य लिहिण्याआधी ठरवा, कारण घटनास्थळी काय सापडणार ते यावर अवलंबून आहे. भौतिकशास्त्रात या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या कल्पना आहेत. त्यांची सरमिसळ झाली की तपासाचे धागे जुळत नाहीत.

पहिली कल्पना ह्यू एव्हरेट यांची, १९५७ची. क्वांटम मोजणीचे जे जे निकाल संभवतात ते सगळे घडतात, पण वेगवेगळ्या शाखांत. तपासकथेला ही सगळ्यात सोयीची, कारण दोन्ही जगांचा भूतकाळ एका क्षणापर्यंत सामाईक असतो आणि तो क्षण शोधून काढता येतो. अडचण एकच. शाखा विलग झाल्या की या सिद्धांतानुसार त्यांच्यात काहीही ये-जा होत नाही. ती ये-जा हे तुमचे गृहीतक. दुसरे घेऊ नका.

दुसरी कल्पना पटलांची. आपले विश्व हे जास्त मितींच्या अवकाशातले एक पटल, म्हणजे पातळ पडद्यासारखी चादर आहे आणि शेजारी दुसरे पटल असू शकते. अर्कानी-हामेद, दिमोपुलोस आणि द्वाली यांनी १९९८मध्ये मांडलेल्या रूपात पटलाबाहेर फक्त गुरुत्व जाते. प्रकाश, रेणू, माणसे जात नाहीत. हे खरे असेल तर अगदी कमी अंतरावर गुरुत्वाचा व्यस्त-वर्ग नियम (अंतर दुप्पट झाले की ओढ एक चतुर्थांश) मोडायला हवा. तारेच्या पिळावरून अतिसूक्ष्म बल मोजणाऱ्या पीळ-तराजूच्या प्रयोगांनी तो सुमारे ५० मायक्रोमीटरपर्यंत तपासला आहे आणि तिथवर तो शाबूत आहे. या प्रकारच्या कथेत आपत्ती दिसत नाही, तिचे फक्त वजन जाणवते. ओळंबा तिरका होतो, विहिरींची पातळी हलते, उपग्रहांच्या कक्षा ढळतात. हा प्रकार फार कमी लिहिला जातो आणि आमच्या मते तोच सगळ्यात भीतिदायक आहे.

तिसरी कल्पना आरसा-द्रव्याची. निसर्ग डावे-उजवे यांत भेद करतो, या शक्यतेवर ली आणि यांग यांनी १९५६मध्ये लिहिले, तेव्हाच उलट्या बाजूच्या कणांचा विचार पुढे आला. न्यूट्रॉनचे सरासरी आयुष्य बाटलीत साठवून मोजले तर सुमारे ८७८ सेकंद येते, शलाकेत मोजले तर सुमारे ८८८. हे दहा सेकंद म्हणजे आरशातल्या जगात निसटलेले न्यूट्रॉन असतील का, हे अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत तपासले गेले. २०२२मध्ये जाहीर झालेल्या निकालात तसे काही दिसले नाही.

निर्वाताचा ऱ्हास होऊन, म्हणजे रिकामे अवकाशच कमी ऊर्जेच्या अवस्थेत कोसळून, नव्या नियमांचा बुडबुडा पसरतो, ही कल्पनाही काही जण वापरतात. तपासकथेत ती टाळा. असा बुडबुडा जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणजे तो आल्याची बातमी आणि तो स्वतः एकदमच पोहोचतात. चौकशी करायला कोणी उरत नाही.

प्रत्यक्षात कधी तपासनीसांपुढे "हे या जगातले वाटत नाही" अशी घटना आली आहे का?

आली आहे, आणि प्रत्येक वेळी उत्तर याच जगात सापडले. लेखकाने या घटना नीट अभ्यासाव्यात, कारण खरा तपास कुठे अडखळतो ते त्यांतून कळते.

सगळ्यात शिकवणारी घटना कॅमेरूनमधल्या न्योस तलावाची. २१ ऑगस्ट १९८६च्या रात्री तलावाभोवतीच्या वस्त्यांमध्ये सुमारे १,७०० माणसे आणि हजारो जनावरे मेली. घरे जशीच्या तशी होती. आग नाही, पूर नाही, झटापटीच्या खुणा नाहीत. दिव्यांत तेल होते, पण दिवे विझलेले होते. वाचलेल्यांनी कुजलेल्या अंड्यांसारखा किंवा बंदुकीच्या दारूसारखा वास आल्याचे सांगितले. अनेकांच्या अंगावर भाजल्यासारख्या जखमा होत्या. वास आणि जखमा धरून विचार केला तर ज्वालामुखीचा गंधकयुक्त वायू किंवा रासायनिक अस्त्र असे उत्तर येते, आणि ते चुकीचे आहे. तलावाच्या तळाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड एकाएकी उसळून बाहेर आला होता. हवेपेक्षा जड असल्याने तो दऱ्यांमधून वाहत सुमारे २५ किलोमीटरपर्यंत गेला. या वायूची तीव्रता फार वाढली की माणसाला नसलेले वास येतात. जखमा बहुतांशी तासन्‌तास बेशुद्ध होऊन एकाच कुशीवर पडल्यामुळे झालेल्या होत्या. विझलेले दिवे मात्र पहिल्यापासून खरे सांगत होते. कथेतही असेच ठेवा. ठळक खुणा दिशाभूल करतात आणि कोपऱ्यातली साधी खूण खरे सांगते.

दुसरी घटना आकड्यांची आहे. १९७२मध्ये फ्रान्समधल्या पिएर्लात इथल्या प्रकल्पात, गॅबनमधल्या ओक्लो खाणीच्या युरेनियमची नेहमीची तपासणी सुरू होती. युरेनियम-२३५चे, म्हणजे अणुभट्टीत ऊर्जा देणाऱ्या प्रकाराचे प्रमाण नैसर्गिक युरेनियममध्ये सगळीकडे ०.७२०२ टक्के असते, तिथे ते ०.७१७१ भरले. फरक तिसऱ्या दशांश स्थानावरचा. पण अणुइंधनात हिशेब जुळलाच पाहिजे, म्हणून शोध मागे मागे खाणीपर्यंत गेला. सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी तिथे नैसर्गिक अणुभट्टी आपोआप चालली होती, असे निघाले. "दुसऱ्या जगाची" खूण बहुधा अशीच येईल, आभाळ फाटण्याआधी कुठल्या तरी नोंदवहीत.

तिसरी सावध करणारी. अंटार्क्टिकावर फुग्यातून उडवलेल्या, न्यूट्रिनो कण शोधणाऱ्या अनिटा उपकरणाने बर्फातून वर आल्यासारखे वाटणारे काही रेडिओ स्पंद टिपले. २०२०मध्ये जगभरच्या मथळ्यांनी त्याचे "समांतर विश्व सापडले" असे करून टाकले. शोधनिबंधांचा दावा तो नव्हता. कथेत पत्रकारांचे पात्र असेल तर हा दबाव तपासपथकावर जरूर दाखवा.

पथक पोहोचल्यावर पहिल्या तासात नेमके काय करते?

धावत आत जात नाही. वाऱ्याच्या वरच्या बाजूने आणि शक्यतो उंचावरून जवळ येते, थांबते आणि तीन पट्टे आखते: आतला धोक्याचा, मधला स्वच्छतेचा, बाहेरचा सुरक्षित. आत जाणारा आणि बाहेर येणारा प्रत्येक माणूस मधल्या पट्ट्यातल्या एकाच वाटेने जातो आणि त्याची वेळ लिहिली जाते. आत नेहमी दोघे जातात. बाहेर तयारीतले आणखी दोघे उभे असतात.

हातातल्या उपकरणांबद्दल बहुतेक कथा चुकतात. बचावपथकांकडे सर्रास असणारा वायुमापक चार गोष्टी मोजतो: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. त्यात कार्बन डायऑक्साइड नाही. हवेत तो ४ टक्के झाला तर जिवाला तातडीचा धोका मानतात. पण तेवढ्याने ऑक्सिजन २०.९ वरून फक्त २०.१ टक्क्यांवर येतो आणि मापकाचा भोंगा १९.५ला वाजतो. म्हणजे तो वाजेपर्यंत कार्बन डायऑक्साइड साडेसहा टक्क्यांच्या पुढे गेलेला असतो. "सगळे वायू ठीक आहेत" असे म्हणत पुढे सरकणारे पात्र याच कारणाने कोसळू शकते. दुसऱ्या जगाची हवा वेगळी असेल तर हा प्रसंग जवळजवळ अटळ आहे. तिथे वेगळा अवरक्त कार्बन डायऑक्साइड मापक लागतो.

किरणोत्सर्ग मापकाची नैसर्गिक नोंद बहुतेक ठिकाणी तासाला ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास असते. ती आधी बाहेर मोजून लिहायची, नाहीतर आतल्या आकड्याला अर्थ राहत नाही. श्वसनाच्या सिलिंडरवर तीस मिनिटे लिहिलेली असली तरी जड काम करताना तो वीस मिनिटांतही संपू शकतो. परतीसाठी तिसरा हिस्सा राखून ठेवणारे पात्र अनुभवी वाटते.

डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून पथकात ठेवा. १९८७मध्ये ब्राझीलमधल्या गोयानियात टाकून दिलेल्या किरणोपचार यंत्रातून निळसर चमकणारी पूड लोकांच्या हाती आली. सुरुवातीच्या रुग्णांचे त्रास आधी साध्या आजारांचे समजले गेले. ती सीझियम-१३७ होती आणि चार जण गेले. अंधारात चमकणारी पूड दिसली की वाचक "परग्रह" म्हणेल. पथकाने आधी मापक धरावा.

दोन जगांमधले दार उघडले किंवा जागा नाहीशी झाली तर किती मोठा दणका बसतो?

याचा हिशेब सोपा आहे आणि कागदावर करता येतो.

एखादी जागा आतल्या हवेसकट नाहीशी झाली तर तिथे निर्वात उरतो आणि भोवतालची हवा आत कोसळते. त्यात मोकळी होणारी ऊर्जा म्हणजे हवेचा दाब गुणिले आकारमान, समुद्रसपाटीवर दर घनमीटरला सुमारे १०१ किलोज्यूल. ५ बाय ४ मीटरची, अडीच मीटर उंच खोली म्हणजे ५० घनमीटर, म्हणजे ५ मेगाज्यूल, म्हणजे साधारण सव्वा किलो टीएनटी या स्फोटकाइतकी. १०० मीटर व्यासाचा गोल नाहीसा झाला तर सुमारे ५३ गिगाज्यूल, १२ ते १३ टन टीएनटी. शहर उडत नाही, पण भोवतालची वस्ती हादरते. "अर्धे गाव गायब झाले आणि पान हलले नाही" असे लिहायचे असेल तर त्या जागी दुसरी हवा आली पाहिजे. म्हणजे अदलाबदल झाली, आणि मग दुसऱ्या जगातही तेवढेच काहीतरी गेले. हा धागा कथेला पुष्कळ पुढे नेतो.

अशा कोसळण्याची खूण स्फोटाच्या उलट असते. पहिली लाट दाब कमी करणारी येते, म्हणून खिडक्यांच्या काचा खोलीत नव्हे, बाहेर घटनास्थळाच्या बाजूला पडतात. मागोमाग आत आदळलेल्या हवेचा धक्का बाहेर जातो. दोन्ही दिशांना पडलेल्या काचा पाहून जो थबकतो तो तुमचा मुख्य तपासनीस.

दार उघडेच राहिले तर दाबातला फरक वारा होऊन वाहतो. पलीकडचे टोक फक्त १०० मीटर उंचावर असेल तर फरक सुमारे १.२ किलोपास्कल. त्याने दारातून सेकंदाला ४५ मीटर, म्हणजे ताशी १६० किलोमीटर वेगाने वारा सुटतो, आपल्याकडून तिकडे. दोन चौरस मीटरच्या दारातून सेकंदाला शंभर किलोंहून जास्त हवा जाते. टोक एक किलोमीटर उंचावर असेल तर वेग सेकंदाला १३५ मीटरच्या घरात पोहोचतो. त्या दारासमोर उभे राहून कोणी संवाद म्हणू शकत नाही. शांत दार हवे असेल तर दोन्ही टोके एकाच उंचीवर ठेवा आणि तसे का आहे त्याचे कारण कथेत कुठेतरी द्या.

आणखी एक चूक: दार "अवकाशात स्थिर" ठेवणे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते. दार सूर्याशी बांधलेले असेल तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ते कित्येक किलोमीटर दूर गेलेले असेल. ते जमिनीशी, एखाद्या खडकाशी किंवा यंत्राशी बांधा.

नुकसानीच्या नकाशावरून काय कळते?

पुष्कळ. तुंगुस्का इथे ३० जून १९०८ला सुमारे २,१५० चौरस किलोमीटर जंगल आडवे झाले. लिओनिद कुलिक यांची मोहीम तिथे पोहोचली ती १९२७मध्ये. विवर सापडले नाही. मध्यभागी झाडे उभीच होती, फांद्या झडून खांबांसारखी झालेली, आणि त्यांच्याभोवती बाहेरच्या दिशेने पडलेली. पुढे पडलेल्या झाडांची दिशा एकेक करून मोजल्यावर नकाशावर फुलपाखराची आकृती उमटली. लहान स्फोटके आणि तारांची झाडे वापरून केलेल्या प्रतिकृती-प्रयोगांत तिरपा येऊन हवेतच फुटणारा पिंड तशीच आकृती करतो, असे दिसले. एकोणीस वर्षे उशीर होऊनही पुरावा जंगलात लिहिलेला होता.

कथेतल्या पथकाने पडलेल्या प्रत्येक खांबाची दिशा होकायंत्राने मोजावी. रेषा एका बिंदूत मिळाल्या तर स्रोत बिंदू. एका रेषेवर मिळाल्या तर स्रोत सरकत होता. कुठेच मिळाल्या नाहीत तर स्रोत एकाहून जास्त, किंवा होकायंत्रच बिघडलेले. शेवटची शक्यता आधी तपासायची.

सापडलेली वस्तू दुसऱ्या जगातली आहे हे सिद्ध कसे होते?

खऱ्या विज्ञानात परक्या जगाचा दगड ओळखण्याची पद्धत आहे. अंटार्क्टिकात सापडलेल्या ईईटीए ७९००१ या उल्केतल्या काचेत वायूचे बुडबुडे अडकले होते. ते १९७६मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळले आणि उल्का मंगळाची ठरली. म्हणजे निव्वळ विचित्र असणे पुरत नाही. दुसऱ्या जगाचा एक स्वतंत्र नमुना हाती हवा, ज्याच्याशी ताडता येईल. एकच वस्तू सापडून प्रकरण सिद्ध होते तिथे जाणता वाचक पुस्तक मिटतो.

इतिहासाची शाखा वेगळी असेल तर अणुचाचण्यांची खूण सगळ्यात कामाची. १९४५पासून हवेत झालेल्या चाचण्यांनी सीझियम-१३७ जगभर पसरले. कार्बन-१४चे प्रमाण १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत उत्तर गोलार्धात जवळपास दुप्पट झाले आणि पुढे उतरत गेले. त्या काळात वाढलेली प्रत्येक सजीव वस्तू ही खूण बाळगते. समजा, १९७०च्या हंगामाची म्हणून लेबल असलेली बंद द्राक्षमद्याची बाटली सापडली. गॅमा वर्णपटमापकाला बाटली न फोडता ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर सीझियमची रेषा दिसायला हवी. ती नसेल तर दोन शक्यता: मद्य १९४५ आधीचे आहे आणि लेबल खोटे, किंवा ज्या जगात ते झाले तिथे चाचण्या झाल्याच नाहीत. पहिली शक्यता खोडल्याशिवाय दुसरीचा उच्चार नको. कागद, शाई, बूच, काच, प्रत्येकाचे वय वेगळे काढावे लागेल.

रेणूंचे डावे-उजवे उलटलेले आरशातले जग (वरचे आरसा-द्रव्य नव्हे) असेल तर साधन आणखी साधे. साखरेचे रेणू ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवतात. २६ ग्रॅम शुद्ध साखर पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण करा आणि २० सेंटिमीटर लांबीच्या नळीत भरा. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात, २० अंश सेल्सिअसला हे वळण मोजणारा पोलॅरिमीटर अधिक ३४.६ अंश दाखवतो. आरशातल्या जगाची साखर उणे ३४.६ दाखवेल. इथे होणारी चूक अशी: सुई डावीकडे गेली की जल्लोष करायचा. मध सहसा डावीकडेच वळवतो. आम्लाने किंवा साठवणीत विघटन झालेली साखरही डावीकडे जाते, कारण तिच्यातली फळसाखर जोरदार डावी असते. म्हणून चिन्ह नव्हे, आकडा पाहायचा. उणे दहाच्या आसपास आले तर साखर बिघडलेली. नेमके उणे ३४.६ आले तर पुन्हा नवे द्रावण करायचे, दुसऱ्या माणसाच्या हातून, कोणता नमुना कुठला हे त्याला न सांगता.

वासही बदलतो. कार्व्होन या रेणूचे एक रूप पुदिन्याच्या एका जातीसारखे वास देते, त्याचेच आरशातले रूप शहाजिऱ्यासारखे. दुसऱ्या बाजूने आलेल्या झुडपाचा वास आणि दिसणे जुळत नाही, हा तपशील प्रयोगशाळेशिवायही वापरता येतो.

दुसऱ्या बाजूने जिवंत माणूस आला तर?

आरशातल्या जगाचा असेल तर तो भरल्या पोटी उपाशी मरेल. आपली विकरे (अन्न पचवणारी प्रथिने) डाव्या अमिनो आम्लांसाठी आणि उजव्या शर्करांसाठी घडलेली असतात, त्याची उलट. पाणी आणि क्षार त्याला चालतील, आपली प्रथिने आणि पिष्ट पचणार नाहीत. तो सोबत आणत असलेले सूक्ष्मजीव हा जास्त मोठा प्रश्न आहे. डिसेंबर २०२४मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत आरसा-जीवाणू घडवण्याविरुद्ध इशारा दिला. अशा जीवाणूंना आपली प्रतिकारशक्ती नीट ओळखू शकणार नाही, हे त्याचे एक कारण. म्हणून पहिली भेट मिठी मारून नको, विलगीकरण कक्षाच्या काचेतून.

इतिहासाची शाखा असेल तर तो आपल्यासारखाच, आणि मग ओळख पटवण्याचा प्रश्न येतो. डीएनए तेच. बोटांचे ठसे गर्भातच घडतात, म्हणून जुळ्या भावंडांचेही वेगळे असतात. पण जग जन्मानंतर फुटले असेल तर दोघांचे ठसे हुबेहूब जुळतील. वेगळे असेल ते पुढचे सगळे: दातांतली भर, हाडांची जुनी मोड, व्रण, लसीकरणाच्या खुणा. दंतवैद्याची नोंद इथे डीएनएपेक्षा जास्त बोलते.

दोन जगे कधी वेगळी झाली, हे तपासनीस कसे काढतील?

झाडांवरून. आम्हाला हा या साऱ्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. झाडाच्या खोडात दरवर्षी एक कडे वाढते आणि त्याची रुंदी त्या वर्षीच्या हवामानावर ठरते. पलीकडून आलेले एक लाकूड आणि इथल्या त्याच जातीच्या, त्याच परिसरातल्या झाडाचा नमुना शेजारी ठेवून कडी मोजत जा. फुटीच्या वर्षापर्यंत रुंद-अरुंद क्रम जुळेल, पुढे जुळणार नाही. हवामान अतिसंवेदनशील असल्याने बारीकसा फरकही काही आठवड्यांत सगळीकडचे हवामान बदलून टाकतो. म्हणजे फूट एका वर्षापर्यंत नेमकी सापडते.

फूट फार जुनी असल्याची शंका असेल तर इसवी सन ७७४-७७५ ची कडी पाहायची. तिथे जगभरच्या झाडांत कार्बन-१४ची एकदम चढलेली पातळी आहे. ती पलीकडच्या लाकडातही असेल तर फूट त्यानंतरची.

काय चुकते? बाहेरच्या कड्यांपासून मोजणी सुरू करणे. साल आणि बाहेरची कडी जळालेली किंवा तासलेली असतात, त्यामुळे शेवटचे वर्ष चुकते. दुष्काळी वर्षी कडे हुकूही शकते. एका झाडावर भिस्त नको, निदान दहा-बारा नमुने हवेत आणि प्रत्येक झाडातून दोन गाभे.

यातून कथानकाचा एक कडक नियम निघतो. प्रत्येक गर्भधारणा कोट्यवधी शक्यतांतली एक असते. म्हणून फुटीनंतर थोड्या काळाने ज्यांचा गर्भ राहिला ती माणसे पलीकडे नसतील, त्यांच्या जागी दुसरीच असतील. जग शंभर वर्षांपूर्वी फुटले आणि तरीही नायकाचे दुसरे रूप दारातून आत आले, ही चूक सर्रास दिसते. दुसरे रूप हवे असेल तर फूट नायकाच्या जन्मानंतर ठेवा.

पलीकडचे जग प्रतिद्रव्याचे, म्हणजे उलट विद्युतभाराच्या कणांचे ठेवले तर?

मग भेट होत नाही. एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम द्रव्याला भेटले की सुमारे ४३ किलोटन ऊर्जा मोकळी होते. हिरोशिमाचा बॉम्ब १५ किलोटनच्या आसपासचा होता. हवेच्या पहिल्या झुळकीतच कथा संपते. अगदी थोडे कण आले असतील तर ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची गॅमा रेषा दिसेल. पण ती पॉझिट्रॉन सोडणाऱ्या वैद्यकीय समस्थानिकांतूनही येते. आधी जवळच्या रुग्णालयाची चौकशी.

साक्षीदारांच्या जबान्या कशा घ्याव्यात?

वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांशी बोलण्याआधी, आणि प्रश्नात उत्तर न पेरता. "काय झाले ते पहिल्यापासून सांगा" इतके म्हणून गप्प बसायचे. "दार उघडताना कसला आवाज आला?" असे विचारले की साक्षीदाराच्या आठवणीत दार तयार होते. लॉफ्टस आणि पामर यांच्या १९७४च्या प्रयोगात मोटारींच्या धडकेची चित्रफीत दाखवून काहींना गाड्या "आदळल्या" तेव्हाचा वेग विचारला, काहींना सौम्य शब्दात. आठवड्याने "फुटलेली काच पाहिली का?" असे विचारल्यावर जोरकस शब्द ऐकलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी होकार दिला, दुसऱ्यांपैकी १४ टक्क्यांनी. चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच.

जबानीला भौतिक मोजपट्टी लावा. आवाज एक किलोमीटर जायला जवळपास तीन सेकंद घेतो. प्रकाश आणि आवाज यांतले अंतर प्रत्येकाकडून घेतले की स्रोताभोवती वर्तुळे काढता येतात. चेल्याबिन्स्कला १५ फेब्रुवारी २०१३ रोजी लखलखाट पाहून लोक खिडक्यांशी गेले आणि मिनिट-दोन मिनिटांनी आलेल्या धक्क्याने काचा अंगावर फुटल्या. जखमींची संख्या सुमारे दीड हजार होती. गाड्यांतल्या आणि रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत हललेल्या सावल्यांवरून अशनीचा मार्ग काढता आला. तुमच्या कथेत कॅमेरा "नेमका बंद" पाडू नका. तो चालू ठेवा आणि त्यातली सावली चुकीच्या बाजूला पडू द्या.

पुरावे गोळा करताना पात्रांनी कोणत्या चुका कराव्यात?

खऱ्या पथकांकडून होतात त्या. ओला जैविक नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला की कुजतो. तो वाळवून कागदी पिशवीत ठेवतात. जळालेले अवशेष उलट हवाबंद धातूच्या डब्यात ठेवावे लागतात, नाहीतर बाष्प उडून जाते. मोजपट्टीशिवाय काढलेले छायाचित्र निरुपयोगी. आणि सगळ्यात घातक चूक: घटनास्थळाबाहेरचे तुलनेचे नमुने न घेणे. आतल्या मातीत काही वेगळे सापडले आणि बाहेरची माती घेतलीच नाही, तर ते वेगळे आहे हे कोणी कधीच सांगू शकणार नाही. तोवर बाहेरची माती पावसाने धुऊन गेलेली असेल, तर हाच कथेचा मध्य होऊ शकतो.

नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची सलग नोंद हवी. तिच्यातला एक रिकामा तास पुरेसा असतो.

खरे कारण कथेत कधी उघड करावे?

साधी कारणे मोजून खोडल्यानंतर, एकेक करून, नावानिशी: वायू, भूस्खलन, वीज, अशनी, किरणोत्सर्ग, घातपात. प्रत्येक खोडताना एक आकडा द्या आणि प्रत्येक वेळी एक गोष्ट न जुळणारी ठेवा. ती न जुळणारी गोष्ट दर वेळी तीच असावी.

"अज्ञात शक्ती" हे शब्द अहवालात घालणे ही पळवाट आहे. १९५९मध्ये उरल पर्वतात द्यातलोव यांच्या गिर्यारोहक तुकडीतले नऊ जण मेले. तंबू आतून फाडलेला होता. तपास बंद करताना तुकडीला पार करता न आलेल्या नैसर्गिक शक्तीचा उल्लेख झाला, आणि पुढची साठ वर्षे त्या रिकाम्या जागेत लोकांनी हवे ते भरले. २०२१मध्ये गोम आणि पुझरिन यांनी गणिती प्रतिकृतीने दाखवले की उतार कापून तंबू ठोकल्यावर काही तासांनी बर्फाची लहान पाटी घसरणे शक्य होते. तुमच्या पथकप्रमुखाने अहवालात काय मोजले, किती चूक धरून मोजले आणि काय मोजता आले नाही, एवढेच लिहावे. वाचक बाकीचे स्वतः जोडेल, आणि स्वतः जोडलेले त्याला जास्त पटते.

शेवटी दार बंद करावेच लागते का?

नाही. खऱ्या आपत्तींमध्ये धोका संपवणे क्वचितच जमते, तो सोडत राहावा लागतो. न्योसच्या तलावात २००१मध्ये तळापर्यंत, सुमारे २०० मीटर खोल, एक नळ सोडला. सुरुवातीला पंपाने पाणी वर खेचले. वर येताना त्यातला वायू बुडबुडे होऊन फुगला, पाणी हलके झाले आणि पुढे नळ पंपाशिवाय स्वतःच वाहू लागला, सुमारे ५० मीटर उंच कारंजे उडवत. एका नळाने वायू पुरेसा वेगाने कमी होईना, म्हणून २०११मध्ये आणखी दोन नळ घातले. दाराशी असाच एखादा नळ बसवा. कोण त्यावर पहारा देते, दिवसातून किती वेळा मापक वाचला जातो, नोंदवही कुठे ठेवली आहे आणि कारंजे थांबले तर पहिला फोन कोणाला जातो, ते लिहा.